चौकोनी क्रोनोग्राफ घेताय? आधी कोपरे बघा

चौकोनी केसचे (म्हणजे धातूच्या चौकोनी कवचाचे) यांत्रिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेली घड्याळे, बघायला येणारे बहुतेक ग्राहक आधी डायलवर भाळतात, मग मशीनबद्दल विचारतात. आम्ही घड्याळ हातात देतो आणि सांगतो, कोपऱ्यावरून अंगठा फिरवून बघा. मशीन बिघडले तर दुरुस्त होते. कोपरा एकदा घासला गेला की गेला. घड्याळ मनगटावर कसे बसेल, आत पाणी शिरेल का, पुढे विकताना काय हाती येईल, हे सगळे या घड्याळात कोपऱ्यांपाशी येऊन ठेपते.

मापाचा आकडा फसवतो

गोल घड्याळ ३९ मिलिमीटरचे वापरत असाल तर ३९चे चौकोनीही तसेच दिसेल असे समजू नका. चौकोनाचे क्षेत्रफळ त्याच मापाच्या गोलापेक्षा सव्वापटीहून थोडे जास्त भरते. नजरेला ते जवळजवळ ४४ मिलिमीटरच्या गोल घड्याळाएवढे वाटते. त्यात क्रोनोग्राफचे मशीन जाड, म्हणजे केसही उंच. म्हणून पट्टा बांधून बघा, मनगट वाकवा, शर्टाची बाही खाली ओढा. केसची पट्टा जोडायची टोके मनगटाच्या बाहेर जात असतील तर डायल कितीही आवडो, घेऊ नका. आमची विक्री गेली तरी चालेल.

क्राउन डावीकडे का?

क्राउन म्हणजे चावी द्यायची, वेळ लावायची बाजूची खुंटी. काही चौकोनी क्रोनोग्राफमध्ये ती डावीकडे दिसते, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. ३ मार्च १९६९ रोजी ह्यूअर, ब्राइटलिंग, हॅमिल्टन-ब्यूरेन आणि द्युब्वा-देप्राझ या कंपन्यांनी मिळून बनवलेले स्वयंचलित (हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे) क्रोनोग्राफ मशीन, कॅलिबर ११, जिनिव्हा आणि न्यूयॉर्कमध्ये एकाच दिवशी जाहीर झाले. ह्यूअरच्या चौकोनी ‘मोनॅको’त हेच मशीन होते. क्रोनोग्राफचा भाग मूळ मशीनवर वेगळा चढवलेला असल्याने बटणे उजवीकडे आणि क्राउन डावीकडे आला. कंपनीने त्याचाच डंका वाजवला: रोज चावी द्यायचीच नाही, मग क्राउन हाताशी कशाला? एक फायदा खरा आहे, क्राउन हाताच्या पाठीला टोचत नाही. पुढे अभिनेता स्टीव्ह मॅक्वीनने मोटर शर्यतीवरच्या चित्रपटात निळ्या डायलचे मोनॅको घातले. तरीही सत्तरच्या दशकातच ते बंद पडले आणि नव्वदच्या दशकात नव्याने आले. अलीकडच्या मोनॅकोत दोन्ही प्रकार दिसतात. कॅलिबर ११ नावाच्या नव्या मशीनच्या घड्याळात क्राउन डावीकडे असतो, तर कंपनीच्या स्वतःच्या ह्यूअर ०२ मशीनच्या घड्याळात उजवीकडे. ह्यूअर ०२ पूर्ण चावीवर ८० तास चालते. शुक्रवारी रात्री काढून ठेवलेले घड्याळ सोमवारी सकाळी चालू सापडते, ही सोय वापरणाऱ्यालाच कळते.

पाणी

गोल घड्याळाचे मागचे झाकण आट्यांवर फिरवून आवळता येते. चौकोनी झाकण फिरणार कसे? ते स्क्रूंनी किंवा दाबून बसवावे लागते. खालची रबरी रिंग कोपऱ्यात वळते तिथे दाब सारखा पडणे कठीण. एक गृहस्थ घड्याळ घालूनच गरम पाण्याने आंघोळ करायचे. त्यांनी ते आणले तेव्हा काचेच्या एका कोपऱ्यात आतून नखाएवढे धुके धरले होते. बाकी डायल लख्ख. उघडले तर रिंग नेमकी त्याच कोपऱ्यात चपटी झालेली. केसवर १०० मीटर लिहिलेले असले तरी तो आकडा नव्या रिंगवर, चाचणीच्या दाबाखाली ठरलेला असतो. गरम पाणी, वाफ आणि साबण रिंगचे आयुष्य खातात. पाण्यात असताना क्रोनोग्राफची बटणे दाबू नका. रिंगची चाचणी वर्षातून एकदा करून घ्या.

जुने घेत असाल तर

केसचा वरचा भाग बारीक रेघांचा आणि बाजू चकचकीत असेल, तर दोन्ही जिथे मिळतात तिथली कडा धारदार हवी. पॉलिशच्या चाकावर वारंवार धरलेली केस वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते. अशी केस चमकते फार, पण जाणकार तिला हात लावत नाहीत. नव्यासारख्या चकाकीपेक्षा चार प्रामाणिक ओरखडे बरे. जुन्या घड्याळांची काच अ‍ॅक्रिलिकची असते, तिचे ओरखडे घासून जातात. नव्यांची नीलम काच सहसा ओरखडत नाही, पण कोपऱ्यावर आपटली तर तिचा टवका उडतो. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा अंधारात चमकणारा रंग वेगवेगळ्या छटेचा दिसला तर काटे बदललेले असू शकतात. विकणाऱ्याला तसे स्पष्ट विचारा.

रोजचे वापरणे

वरचे बटण दाबले की सेकंदकाटा सुटतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की शून्यावर येतो. फ्लायबॅक, म्हणजे चालू काटा न थांबवता शून्यावर आणायची सोय नसेल तर काटा चालू असताना खालचे बटण जोराने दाबू नका. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात तारीख क्राउनने बदलू नका, तेव्हा तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात. बंद पडलेले घड्याळ नुसते झटकण्यापेक्षा क्राउनने वीस-तीस फेरे चावी देऊन मग घाला. दिवसाला पाच-सहा सेकंद पुढेमागे झाले तर तो बिघाड नव्हे. दिवसाचे सेकंद ८६,४०० असतात, त्या मानाने हे काहीच नाही. अचानक मिनिटांनी पुढे पळू लागले तर बहुतेक वेळा चुंबकाचा परिणाम असतो. स्पीकरवर किंवा टॅबलेटच्या चुंबकी झाकणावर ठेवले होते का, ते आठवा. चुंबकत्व काढायला आम्हाला काही मिनिटे पुरतात, त्यासाठी मशीन खोलावे लागत नाही.

सर्व्हिस साधारण पाच वर्षांनी. घड्याळ देताना ‘केस पॉलिश करू नये’ असे पावतीवर लिहून घ्या. आम्ही विचारल्याशिवाय पॉलिश करत नाहीच, पण घड्याळ दुसरीकडे दिले तरी हे एवढे मात्र लिहून घ्याच.