बक्षीसपत्र आणि कलम 23: दिलेले घर परत मिळण्याची पार्श्वभूमी

घर मुलाच्या किंवा मुलीच्या नावे करून दिले आणि पुढे त्याच घरात आईवडील नकोसे झाले, अशी तक्रार आली की आज पहिला विचार होतो तो 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातील कलम 23 चा. पण या कलमाच्या आधारे केलेले अर्जही फेटाळले जातात. ते का, हे समजायला 1882 पासून सुरुवात करावी लागते.

त्या वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने स्थावर मिळकतीच्या बक्षिसाची, म्हणजे मोबदला न घेता ती देण्याची, रीत ठरवली: नोंदणीकृत दस्त, देणाऱ्याची सही, किमान दोन साक्षीदार आणि देणाऱ्याच्या हयातीतच घेणाऱ्याचा स्वीकार. एवढे झाले की दिले ते दिले. कलम 126 ने माघारीला दोनच वाटा ठेवल्या. एक, दोघांनी आधीच ठरवलेली आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली घटना घडणे. दुसरी, करार रद्द होऊ शकेल अशी कारणे, म्हणजे फसवणूक, जबरदस्ती, अनुचित प्रभाव (वरचढ स्थितीचा गैरफायदा घेऊन संमती मिळवणे). ‘मला वाटेल तेव्हा परत घेईन’ अशी अट घातली, तर मुळात ते बक्षीसच टिकत नाही.

अनुचित प्रभावाची व्याख्या त्याआधीच, 1872 च्या करार कायद्याच्या कलम 16 मध्ये आली होती. वय, आजार किंवा शारीरिक-मानसिक त्रास यांमुळे ज्याची समज कमी झाली आहे, त्याच्याशी केलेला व्यवहार तिथे स्पष्टपणे संशयित मानला आहे. म्हणजे कागदावर संरक्षण होतेच. पण ते मिळवायचे तर दिवाणी दावा, तीन वर्षांची मुदत आणि सही करताना मन ताब्यात नव्हते याचा पुरावा हवा. साक्षीदार बहुतेक वेळा घेणाऱ्यानेच आणलेले. शिवाय खरी अडचण वेगळीच होती. बहुसंख्य प्रकरणांत सहीच्या दिवशी काहीच गैर नसते. आईवडील शुद्धीत असतात, खुशीने देतात. हेळसांड नंतर सुरू होते. नंतरचा कृतघ्नपणा म्हणजे सहीच्या वेळची फसवणूक नव्हे, आणि जुन्या कायद्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते.

पोटगीचा रस्ता वेगळाच चालला होता. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगी होती ती पत्नी आणि मुलांना. 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात वृद्ध आईवडील आले, 1973 च्या संहितेच्या कलम 125 मध्ये धर्माचा प्रश्न न ठेवता सगळेच आईवडील आले. त्या कलमातली महिना 500 रुपयांची कमाल मर्यादा मात्र 2001 पर्यंत टिकून होती! विवाहित मुलीवरही ही जबाबदारी आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये सांगितले, तेही कल्याणमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या एका मुलीच्या प्रकरणात. या सगळ्यातून महिन्याची रक्कम मिळे. हातचे गेलेले घर नाही.

2001 मध्ये हिमाचल प्रदेशाने आईवडिलांच्या निर्वाहासाठी स्वतःचा कायदा केला, डिसेंबर 2007 मध्ये केंद्राचा ज्येष्ठ नागरिक कायदा आला. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू आहे. त्यातल्या निर्वाह रकमेची, दरमहा कमाल 10,000 रुपयांची, चर्चा जास्त झाली. पण कायद्याची खरी करामत कलम 23 मध्ये आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा अनुचित प्रभावाने झाले असे कायदाच गृहीत धरतो. नंतरची हेळसांड मागे नेऊन सहीच्या दिवसाला चिकटवली! देणाऱ्याने मागणी केली की ते शून्य ठरवायचे अधिकारही दिवाणी न्यायालयाऐवजी न्यायाधिकरणाला, म्हणजे व्यवहारात प्रांताधिकाऱ्याला.

गोम ‘अटीवर’ या शब्दात आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर तयार होणारे बक्षीसपत्र साधारण असे असते: ‘लिहून देणार यांनी लिहून घेणार यांस नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी सदर मिळकत कायमची व बिनशर्त बक्षीस दिली असून, तीवर लिहून देणार यांचा कोणताही हक्क राहिलेला नाही.’ मसुदा वर्षानुवर्षे तोच, फक्त नावे आणि चतुःसीमा बदलतात. त्यातला ‘बिनशर्त’ हा एक शब्द कलम 23 ची दारे लावून घेतो. 6 डिसेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच सांगितले. आईने मुलींच्या नावे केलेल्या हक्कसोडपत्राचे, म्हणजे मिळकतीतला आपला हक्क सोडून देणाऱ्या दस्ताचे, ते प्रकरण होते. प्रेमापोटी दिलेल्या मिळकतीत परतफेडीची अपेक्षा असतेच असे नाही. सांभाळण्याची अट होती हे मांडावे आणि सिद्ध करावे लागेल, असे न्यायालय म्हणाले.

2 जानेवारी 2025 च्या निकालाने बाजू थोडी झुकली. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या त्या प्रकरणात आईने 2019 मध्ये मुलाला बक्षीसपत्र दिले होते आणि मुलाने आईला सांभाळण्याचे वेगळे वचनपत्र लिहून दिल्याचे तिचे म्हणणे होते. मुलाने ते बनावट म्हटले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अट बक्षीसपत्रातच हवी म्हणून आईविरुद्ध निर्णय दिला; सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द ठरवले आणि 28 फेब्रुवारी 2025 पर्यंत ताबा देण्यास सांगितले. मात्र 2022 चा निकाल यामुळे पुसला गेलेला नाही. कागद दोन असोत वा एक, अट कुठेतरी लिहिलेली असणे हाच भक्कम आधार.

म्हणून दस्तातच ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार हयातीपर्यंत पाहावयाचे असून, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील’ असे कलम घालावे, आणि त्या घरात हयातीपर्यंत राहण्याचा हक्कही राखून ठेवावा. त्याहून सुरक्षित म्हणजे मृत्युपत्र. ते हयातीत केव्हाही बदलता येते. महाराष्ट्रात मुलांना राहते घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये लागते, म्हणून बक्षीसपत्र करण्याचा आग्रह होतो. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कच लागत नाही, हे सांगायचे सोयीस्करपणे राहून जाते.

दोन ठिकाणी मात्र अट असूनही गाडी अडते. कलम 23(1) कायदा लागू झाल्यानंतरच्या हस्तांतरांपुरतेच आहे, त्यामुळे महाराष्ट्रातले 1 मार्च 2009 पूर्वीचे दस्त त्यात बसत नाहीत. आणि मधल्या काळात मिळकत तिसऱ्याला विकली गेली असेल, तर गुंता वाढतो: कलम 23(2) प्रमाणे निर्वाहाचा हक्क नव्या मालकाविरुद्ध चालतो, पण त्याला त्या हक्काची कल्पना असेल किंवा मिळकत फुकट मिळाली असेल तरच. मोबदला देऊन, काहीही ठाऊक नसताना घेणाऱ्याविरुद्ध तो चालत नाही. 2019 मध्ये लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकात सून-जावयांना ‘मुले’ या व्याख्येत आणण्याची आणि 10,000 ची मर्यादा काढण्याची तरतूद होती. 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही बारगळले.