रॅम घेताना: गळक्या घागरींचं गणित

मराठीत आपण ‘मेमरी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतो. फोनमध्ये फोटो मावेनासे झाले की ‘मेमरी फुल झाली’ म्हणतो आणि लॅपटॉप रखडायला लागला की ‘मेमरी वाढवून घे’ म्हणतो. पहिली म्हणजे साठवणीची जागा, एसएसडी किंवा हार्ड डिस्क. दुसरी रॅम, म्हणजे चालू असलेल्या कामाचा मजकूर तात्पुरता ठेवायची जागा. या घोळात पैसे भलत्याच वस्तूवर जातात.

माझी मावशी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते. तिचा डेस्कटॉप इतका मंदावला होता की फाइल उघडायला लावून ती चहा टाकून येई. आठ जीबीची रॅम बत्तीस करून घ्या, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर (कशाचा किती वापर होतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला आणि तिला नेहमीचं काम करायला लावलं. आठपैकी जेमतेम पाच जीबी वापरात होते. हार्ड डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर. तिला एसएसडी हवी होती, रॅम नाही.

उलटंही घडतं. रॅम काठोकाठ भरली की विंडोज तिच्यातला काही मजकूर डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागेल तसा परत आणते. या हेलपाट्यांची किंमत जबर असते. ढोबळमानाने बोलायचं तर रॅममधून माहिती यायला १०० नॅनोसेकंद लागतात, चांगल्या एसएसडीतून त्याच्या हजारपट आणि हार्ड डिस्कमधून लाखपट. रॅमचा वेळ एक मिनिट धरला, तर एसएसडीला सोळा-सतरा तास लागतील आणि हार्ड डिस्कला दोन महिन्यांहून जास्त. म्हणून रॅम कमी पडलेला संगणक नुसता हळू चालत नाही, अडखळतो. काम चालू असताना वापर ९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम वाढवा.

आता रॅमच्या पट्टीच्या, म्हणजे स्टिकच्या, आत काय आहे ते पाहू. आयबीएममधले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली एका फार साध्या रचनेचं पेटंट मिळालं: एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटर ही विजेची इवलीशी घागर. ती भरलेली असेल तर १, रिकामी असेल तर ०. ट्रान्झिस्टर तिचं झाकण. आजही आपल्या रॅममधली प्रत्येक बिट, म्हणजे एकेक ० किंवा १, अशीच साठवलेली असते, आणि ८ जीबीमध्ये अशा सुमारे ६,८७० कोटी घागरी असतात.

या घागरी गळक्या आहेत. भरलेला विद्युतभार आपोआप झिरपून जातो, आणि घागरीत काय आहे ते वाचायला गेलं तरी ती रिकामी होते. म्हणून प्रत्येक वाचनानंतर ती पुन्हा भरावी लागते. आणि कोणी वाचलं नाही तरी डीडीआर४ (डीडीआर१ ते ५ या रॅमच्या एकामागून एक आलेल्या पिढ्या) रॅममधली प्रत्येक घागर एरवी दर ६४ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला पंधराहून जास्त वेळा, तपासून पुन्हा भरली जाते. अशा रॅमला डीरॅम म्हणतात; त्यातला ‘डी’ म्हणजे डायनॅमिक, तो यासाठीच. वीज गेली की हे भरणं थांबतं, आणि सेव्ह न केलेली पत्रिका जाते. अर्थात ती त्याच क्षणी पुसली जात नाही. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की चिप खूप थंड केली तर वीज तोडल्यावरही मजकूर काही मिनिटं टिकतो आणि त्यातून गुप्त किल्ल्या, म्हणजे कुलूपबंद माहिती उघडणारे सांकेतिक आकडे, वाचता येतात. मला हा प्रयोग विलक्षण वाटतो: विसरणंसुद्धा तापमानावर अवलंबून!

घागरींचं हे चित्र डोक्यात असलं की खोक्यावरचे आकडे उलगडतात. डीडीआर४-३२०० म्हणजे प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती सरकते. दुकानात याला ‘३२०० मेगाहर्ट्झ’ म्हणतात, पण घड्याळाचे ठोके प्रत्यक्षात त्याच्या निम्मे असतात. शेजारी लिहिलेला सीएल २२ हा आकडा सांगतो की मागणी केल्यापासून पहिली माहिती हाती यायला २२ ठोके थांबावं लागेल. या आकड्याला २००० ने गुणून ३२०० ने भागा: १३.७५ नॅनोसेकंद. (आधी सांगितलेले १०० म्हणजे सगळा प्रवास, हा त्यातला एक टप्पा.) आता जुनी डीडीआर३-१६०० घ्या, सीएल ११. तेच गणित, तेच उत्तर: १३.७५.

वेग दुप्पट झाला, पण पहिल्या थेंबासाठीची वाट तेवढीच राहिली. कारण घागर तीच आहे. तिच्यातला चिमूटभर भार ओळखायला लागणारा वेळ फारसा घटलेला नाही. अभियंत्यांनी केलं ते रहाटगाडग्यासारखं: एका फेरीत जास्त पोहरे. पहिल्या डीडीआरमध्ये एका फेरीत प्रत्येक तारेमागे २ बिट निघत, डीडीआर५ मध्ये १६ निघतात. त्यामुळे सलग मोठी माहिती उपसायची असेल तिथे नवी रॅम धावते, आणि इकडचं तिकडचं थोडं थोडं वाचायचं असेल तिथे फरक जेमतेम जाणवतो. ब्राउझर, वर्ड, टॅली यांसाठी महागड्या वेगामागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी क्षमता बघा.

किती क्षमता? साध्या कामाला ८ जीबी अजून चालते, पण आज नवा संगणक घेताना १६ च्या खाली जाऊ नका. लग्नाचे अल्बम, व्हिडिओ एडिटिंग किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालवलेला दुसरा संगणक) असेल तर ३२.

शक्य असेल तर १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन सारख्या स्टिक घ्या. प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो आणि वाट रुंदावते. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात तर पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून काढलं जातं, त्यामुळे तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.

डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघींनाही डेस्कटॉपवर २८८ पिना असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही. जोर लावू नका. लॅपटॉपची स्टिक साधारण निम्म्या लांबीची असते. अनेक पातळ लॅपटॉपांत मात्र रॅम बोर्डावर डाखच दिलेली असते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली फॉर्म फॅक्टरसमोर (म्हणजे रॅमच्या आकाराच्या प्रकारासमोर) ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं, तर बहुधा ती बदलता येणार नाही. असा लॅपटॉप घेताना १६ की ८ हा निर्णय एकदाच होतो, तिथे काटकसर करू नका.

एरवी मात्र ‘पुढेमागे लागेल’ म्हणून जास्तीची रॅम घेणं सध्या महागात पडतं. जगातली बहुतेक डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. २०२५ च्या अखेरीस एआयच्या सर्व्हरांसाठी मागणी उसळली, आणि घरगुती रॅमच्या किमती काही महिन्यांत भडकल्या.

रॅम बसवल्यावर टास्क मॅनेजरमधला वेग एकदा बघा. ६००० लिहिलेली स्टिक आपणहून ४८०० सारख्या कमी वेगाने चालू शकते; बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे स्टिकवर लिहिलेला वेग लागू करणारं सेटिंग, सुरू करावं लागतं. आणि नवी डीडीआर५ लावून पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहिला, तर लगेच स्टिक उपटू नका. प्रोसेसर त्या वेळी प्रत्येक तारेवरचा संकेत नेमका कधी पोचतो ते मोजत असतो. पंखा फिरत असेल, तर थांबा.