स्कॉटलंड: संसद आपली, चाव्या लंडनकडे

एडिनबराच्या दक्षिणेला इंच नावाची वस्ती आहे. 1952 च्या नोव्हेंबरात तिथं पोस्टाची एक नवी लाल पेटी बसवली गेली. पेटीवर नव्या राणीची, म्हणजे दुसऱ्या एलिझाबेथची अक्षरं होती. आधी त्या अक्षरांना कुणीतरी डांबर फासलं, मग पेटीवर हातोडे पडले, आणि 1953 च्या फेब्रुवारीत स्फोटकं लावून ती उडवूनच देण्यात आली.

राग राणीवर नव्हता, 'दुसरी' या आकड्यावर होता. पहिली एलिझाबेथ फक्त इंग्लंडची राणी. 1603 मध्ये ती वारली, मागे मूलबाळ नव्हतं, म्हणून स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला. स्कॉटलंडात पहिली एलिझाबेथ झालीच नाही, तर दुसरी आली कुठून? तेव्हापासून स्कॉटलंडातल्या नव्या पेट्यांवर तिची अक्षरं उमटली नाहीत, नुसता स्कॉटलंडचा मुकुट उमटला.

याच आकड्यावरून जॉन मॅककॉर्मिक या स्कॉटिश राष्ट्रवादी नेत्यानं कोर्टात दावा लावला होता. 1953 मध्ये तो हरला. पण निकाल देताना लॉर्ड कूपर यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली: संसदेचं सार्वभौमत्व अमर्याद असतं हे तत्त्व खास इंग्लंडचं आहे, स्कॉटलंडच्या घटनात्मक कायद्यात तसं काही नाही. आजचा सगळा वाद या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. लंडन म्हणतं, सत्ता आमची, त्यातली काही आम्ही तुम्हाला दिली. स्कॉटलंडातले निम्म्याच्या आसपास लोक म्हणतात, सत्ता मुळात आमचीच, त्यातली काही आम्ही तुमच्याकडे सोपवली होती.

सोपवली ती 1707 मध्ये. आपल्याकडे औरंगजेबाच्या मृत्यूचं वर्ष. त्याआधी स्कॉटलंडची स्वतःची संसद होती, पण खजिन्यात खडखडाट होता. पनामाच्या किनाऱ्यावर डेरियन इथं वसाहत करायची, दोन महासागरांमधला व्यापार हातात घ्यायचा, असा बेत 1690 च्या दशकात आखला गेला आणि सरदारांपासून दुकानदारांपर्यंत अनेकांनी त्यात पैसे घातले. तापानं, उपासमारीनं आणि स्पॅनिश वेढ्यानं तो बेत 1700 पर्यंत संपला. माणसंही गेली, भांडवलही गेलं. विलीनीकरणाच्या तहात इंग्लंडनं 3,98,085 पौंड देऊ केले. या रकमेला 'इक्विव्हॅलंट' म्हणत, आणि तिचा मोठा भाग डेरियनमध्ये बुडालेल्यांची भरपाई करण्यासाठी होता. एडिनबरा आणि ग्लासगोत लोक रस्त्यावर उतरले, दंगे झाले, तरी संसदेनं तह मंजूर केला. 25 मार्च 1707 ला तिची शेवटची बैठक झाली. हा सौदा लोकांना विचारून झाला नाही ही खंत तिथं आजही बोलली जाते, आणि ती मला रास्त वाटते. तेव्हाच्या काळात कुणीच लोकांना विचारत नसे, हेही तितकंच खरं.

तहानं स्कॉटलंड पुसून टाकलं नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. तिथलं कायद्याचं शास्त्र, न्यायालयं आणि चर्च वेगळंच राहिलं. शिक्षणाची घडीही इंग्लंडसारखी कधी झाली नाही. म्हणजे संसद नसलेलं, पण स्वतःचे कायदे असलेलं राष्ट्र. बदल्यात साम्राज्याची दारं उघडली. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात असलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, साताऱ्याला बसलेले ग्रँट डफ, मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम, विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन हे सगळे स्कॉटिश. आपण त्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणत आलो. ही बाजू झाकून स्कॉटलंडला फक्त पीडित म्हणून उभं करणं मला पटत नाही. साम्राज्याचा फायदा होता तोवर लंडनशी असलेलं नातं तिथल्या मोठ्या वर्गाला सोयीचं होतं.

विसाव्या शतकात ती सोय आटत गेली. 1934 मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे एसएनपी, स्थापन झाली, पण बरीच वर्षं तिला कुणी मोजत नसे. 1950 च्या नाताळात ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी वेस्टमिन्स्टर ॲबीत शिरून तो दगड पळवला, ज्यावर स्कॉटलंडच्या राजांचा अभिषेक होई आणि जो इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं 1296 मध्ये उचलून नेला होता. ओढताना त्याचे दोन तुकडे झाले. काही महिन्यांनी तो आर्ब्रोथच्या मठात सापडला. खरा धक्का 1967 चा. हॅमिल्टनच्या पोटनिवडणुकीत मजूर पक्षाची भक्कम जागा विनी यूइंग या एसएनपीच्या उमेदवारानं जिंकली. पाठोपाठ उत्तर समुद्रात तेल लागलं आणि 'हे तेल स्कॉटलंडचं' ही घोषणा घरोघरी पोचली. 1974 च्या ऑक्टोबरात एसएनपीला स्कॉटलंडात 30 टक्के मतं पडली. लंडनला आता काहीतरी द्यावंच लागणार होतं.

1 मार्च 1979 ला पहिलं सार्वमत झालं: स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा हवी का? 'हो' म्हणणारे 51.6 टक्के निघाले. विधानसभा मात्र मिळाली नाही. कारण कायद्यात आधीच एक अट घुसवलेली होती: मतदान करणाऱ्यांच्या नव्हे, तर मतदार यादीतल्या एकूण नावांच्या 40 टक्के 'हो' हवेत. ते भरले 32.9 टक्के. म्हणजे जो घरी बसला, जो आजारी होता, ज्याचं नाव मेल्यावरही यादीत राहिलं होतं, तो प्रत्येक जण 'नाही'च्या बाजूला धरला गेला. त्याच महिन्याच्या शेवटी मजूर पक्षाचे पंतप्रधान कॅलहन यांचं सरकार अविश्वास ठरावात एका मतानं पडलं, 311 विरुद्ध 310, आणि मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. जिंकूनही हरल्याची ती आठवण पुढच्या पिढीनं विसरली नाही.

थॅचर यांना स्कॉटलंडात बहुमत कधीच नव्हतं, तरी स्कॉटलंडचा कारभार त्यांच्याच मंत्र्याच्या हाती होता. खाणी आणि पोलाद कारखाने बंद पडत गेले. घरपट्टीऐवजी माणशी सारखा कर, ज्याला लोक पोल टॅक्स म्हणत, तो स्कॉटलंडात 1989 मध्ये लागू झाला, इंग्लंडच्या एक वर्ष आधी. आमच्यावर प्रयोग का, हा प्रश्न मग एसएनपीपुरता राहिला नाही. त्याच वर्षी मजूर आणि लिबरल पक्षांचे नेते, चर्च, कामगार संघटना एकत्र बसले आणि आपल्या सरकारचं रूप ठरवण्याचा सार्वभौम हक्क स्कॉटिश जनतेचा आहे, अशा जाहीरनाम्यावर त्यांनी सह्या केल्या. एसएनपी त्या बैठकीपासून दूर राहिली, तिला अर्धी भाकरी नको होती. 1997 च्या सप्टेंबरात पुन्हा सार्वमत झालं, या वेळी 40 टक्क्यांची अट नव्हती. 74.3 टक्के 'हो'. 12 मे 1999 ला नव्या सभागृहातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून त्याच विनी यूइंग बोलायला उठल्या आणि म्हणाल्या की 25 मार्च 1707 ला तहकूब झालेली संसद पुन्हा भरली आहे. 'नवी' असं त्या म्हणाल्या नाहीत. तहकूब झालेली म्हणाल्या.

ही संसद चालते कशी? सदस्य 129. त्यातले 73 मतदारसंघांतून थेट आणि 56 प्रादेशिक याद्यांतून, म्हणजे एकाच पक्षाला सहज बहुमत मिळू नये अशी रचना. अधिकारांची वाटणी समजायला आपल्या राज्यघटनेतली सातवी अनुसूची डोळ्यांपुढे आणावी आणि ती उलटी करावी. आपल्याकडे कोणत्याही सूचीत न बसणारा विषय केंद्राकडे जातो. स्कॉटलंडात 1998 च्या स्कॉटलंड कायद्यानं लंडनकडे काय राहील तेवढंच लिहून ठेवलं: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन, स्थलांतर, बहुतेक सामाजिक सुरक्षा आणि राज्यघटना. यादीत नसेल ते सगळं एडिनबऱ्याचं. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायव्यवस्था, शेती, पर्यावरण त्यात आलं. म्हणूनच स्कॉटिश विद्यार्थ्याला तिथल्या विद्यापीठात शिकवणी फी भरावी लागत नाही, डॉक्टरनं लिहून दिलेलं औषध फुकट मिळतं, आणि सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी तिथं 2006 मध्ये, इंग्लंडच्या वर्षभर आधी आली.

पैशाचं गणित मात्र लंडनच्या हिशेबाला बांधलेलं आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस खजिना खात्यातले मंत्री जोएल बार्नेट यांच्या काळात एक तात्पुरतं सूत्र बसवलं गेलं, ते आजही चालू आहे. इंग्लंडात आरोग्यावरचा खर्च 100 कोटी पौंडांनी वाढला, तर स्कॉटलंडला लोकसंख्येच्या प्रमाणात, साधारण 10 कोटी, जादा मिळतात. ते आरोग्यावरच खर्चावेत असं बंधन नाही. पण इंग्लंडनं खर्च कापला की स्कॉटलंडच्या वाट्यालाही आपोआप कात्री लागते. शाळा कशा चालवायच्या ते तुम्ही ठरवा, हातात किती पैसे येणार ते आम्ही ठरवू. 2016 च्या कायद्यानं पगारावरच्या आयकराचे दर आणि टप्पे ठरवण्याची मोकळीक आल्यावर हे थोडं बदललं, आणि आता चांगला पगार असणारा माणूस ग्लासगोत लंडनपेक्षा जास्त कर भरतो.

अधिकार दिले की राष्ट्रवाद थंडावेल, असा मजूर पक्षाचा होरा होता. झालं उलटं. लोकांना आपलं सरकार दिसायला लागलं, आणि ते चालवायला एसएनपी पुढे आली: 2007 मध्ये 47 जागा, मजूर पक्षापेक्षा एकच जास्त, आणि 2011 मध्ये 69, म्हणजे स्पष्ट बहुमत, जे त्या रचनेत अवघड मानलं जात होतं. एसएनपीचे नेते ॲलेक्स सॅमंड आणि ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ऑक्टोबर 2012 मध्ये एडिनबऱ्यात करार केला. लंडननं 1998 च्या कायद्यातल्या कलम 30 खाली तेवढ्यापुरता अधिकार दिला, आणि 18 सप्टेंबर 2014 ला स्कॉटलंडला सरळ विचारलं गेलं: स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का?

त्या सार्वमताबद्दल मला मनापासून आदर वाटतो. 84.6 टक्के मतदान झालं, 16 वर्षांच्या मुलांनाही मत होतं, आणि देश मोडायचा की ठेवायचा हा प्रश्न माणसं पबमध्ये, बसमध्ये, जेवणाच्या टेबलावर वाद घालून सोडवत होती. 'नाही'ला 20,01,926 मतं पडली, 'हो'ला 16,17,989. हरण्याचं मोठं कारण चलन. पौंड आम्ही वापरू असं सॅमंड म्हणत राहिले, आणि समान चलन मिळणार नाही असं अर्थमंत्री जॉर्ज ऑसबॉर्न यांनी फेब्रुवारीतच सांगून टाकलं होतं. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला याचं उत्तर हवं होतं, ते मिळालं नाही. त्यानंतर वर्षा-दीड वर्षात तेलाचे भावही कोसळले.

विषय तिथं मिटला असता. पण 2016 मध्ये ब्रेक्झिटचं मतदान झालं. स्कॉटलंडात 62 टक्के लोक युरोपात राहायच्या बाजूचे होते, तरी स्कॉटलंड बाहेर पडलं. एडिनबऱ्याच्या विषयांवर स्कॉटिश संसदेच्या संमतीशिवाय 'सर्वसाधारणपणे' कायदा करणार नाही असा वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे लंडनच्या संसदेचा, संकेत होता आणि तो 2016 च्या कायद्यात लिहिलाही गेला होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं 2017 मध्ये सांगितलं की हा राजकीय संकेत आहे, न्यायालय तो पाळायला लावू शकत नाही. पुढच्याच वर्षी युरोपातून बाहेर पडण्याचा कायदा स्कॉटिश संसदेनं संमती नाकारल्यावरही झाला.

2021 च्या स्कॉटिश संसदेच्या निवडणुकीत एसएनपीच्या 64 आणि ग्रीन पक्षाच्या 8 अशा 72 जागा स्वातंत्र्यवाद्यांना मिळाल्या. स्कॉटलंड सरकारच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी ऑक्टोबर 2023 मध्ये सार्वमत घ्यायचं ठरवलं आणि तसा अधिकार आहे का हे सर्वोच्च न्यायालयाला विचारण्यात आलं. 23 नोव्हेंबर 2022 ला पाचही न्यायाधीशांनी एकमतानं 'नाही' म्हटलं. इंग्लंडशी असलेली युनियन हा लंडनकडे राखलेला विषय, म्हणून सल्लागारी स्वरूपाचं सार्वमतही एडिनबरा स्वतः घेऊ शकत नाही. 2024 मध्ये लंडनच्या संसदेसाठी झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीत एसएनपी 9 जागांवर आली. सरकारच्या चुकांना लोकांनी शिक्षा केली, पण स्वातंत्र्याला असलेला पाठिंबा पक्षाच्या मतांबरोबर तितका घसरला नाही.

1998 मध्ये वेस्टमिन्स्टरनं आणखी एक कायदा केला, उत्तर आयर्लंडचा. त्यात लिहिलं आहे की तिथल्या बहुसंख्यांना आयर्लंडमध्ये जायचं आहे असं मंत्र्याला दिसू लागलं, तर त्यानं सार्वमत घेतलंच पाहिजे, आणि दोन सार्वमतांमध्ये किमान 7 वर्षांचं अंतर असावं. बाहेर पडायचं दार कुठं आहे आणि ते कधी उघडायचं, हे तिथं ठरलेलं आहे. त्याच वर्षीच्या, त्याच संसदेच्या स्कॉटलंड कायद्यात याबद्दल एक ओळही नाही.