निवांत भटकंतीच्या गेमची पाळेमुळे

नवतपा लागला की नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते. अशा वेळी कूलरपुढे बसून मोबाइलवर शेत नांगरणारे, डोंगर चढणारे, तळ्याकाठी गळ टाकणारे लहानमोठे सगळेच दिसतात. या निवांत गेमची ओढ गोंडस चित्रांमुळे लागते, हे अर्धेच खरे. खरी कारणे दोन: केलेले काम गेम लक्षात ठेवतो आणि चुकल्याची शिक्षा हलकी असते.

लक्षात ठेवायची सोय 1980च्या दशकातली. निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचे गेमकार शिगेरू मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या सोनोबे परिसरातल्या रानात हिंडत. त्या आठवणींतून ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ हा भटकंतीचा गेम घडला. 1986 मध्ये तो जपानात डिस्कवर आला, 1987 मध्ये अमेरिकेत कॅसेटवर. त्या कॅसेटमध्ये नाण्याएवढी बॅटरी होती. यंत्र बंद केले तरी मेमरीची चिप तिच्यावर तग धरी आणि उद्या तिथूनच पुढे जाता येई. बॅटरी संपली की मात्र सगळे पुसले जाई.

आपल्याकडे घोडे नेमके इथे अडले. 1990च्या दशकात घराघरांत आलेले टीव्ही गेम बहुतेक जपानी यंत्राच्या नकला होत्या आणि त्यांच्या कॅसेटमध्ये बॅटरी सहसा नसे. त्यामुळे एका बैठकीत निकाल लागणारे ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’ चालले. महिनोन्‌महिने जपायचे शेत त्यांत मावणारच नव्हते.

जपानात ते शेत 1996 मध्ये उभे राहिले. मियाझाकीच्या ग्रामीण भागात वाढलेल्या यासुहिरो वादा यांना तोक्योत गाव आठवू लागले. त्यांनी लढाई पूर्ण वगळून ‘हार्वेस्ट मून’ केला. 2001 मध्ये निन्टेंडोच्या कात्सुया एगुची यांचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ हा प्राण्यांच्या गावात राहायचा गेम आला. चिबाहून क्योतोला आल्यावर घरची माणसे आणि मित्र दुरावल्याची रुखरुख त्यामागे होती. या गेमच्या कॅसेटमध्ये खरे घड्याळ होते: बाहेर रात्र, तर गेममध्येही रात्र. पुढे 20 मार्च 2020 ला त्याचा नवा भाग आला, तेव्हा टाळेबंदीने जग घरात बसले होते. गेमच्या बेटावर मित्राला भेटायला जाता येते, ही गोष्ट त्या दिवसांत फार मोठी ठरली.

आपल्याकडची वाट मोबाइलने मोकळी केली. एरिक बॅरोन यांनी चारेक वर्षे एकट्याने खपून 2016 मध्ये काढलेला शेतीचा गेम ‘स्टारड्यू व्हॅली’ 2019 मध्ये अँड्रॉइडवर आला. सुरुवातीला पार्सनिप या कंदाची 15 बीजे मिळतात. रोज पाणी घातले तर चार दिवसांत पीक हाती येते. अंगात 270 एवढी शक्ती असते; एकाच दिवशी सगळे रान साफ करायला गेलात तर ती संपते आणि गडी कोसळतो. शिक्षा एवढीच, की थोडी नाणी जातात आणि दुसऱ्या दिवशी दम कमी असतो. कॉम्प्युटरवर गेम सेव्ह होतो तो फक्त झोपल्यावर. एक दिवस साधारण 14 मिनिटांचा, त्यामुळे यूपीएस नसताना लाइट गेली तर तेवढेच कष्ट वाया जातात.

भटकंतीपुरते बोलायचे तर अ‍ॅडम रॉबिन्सन-यू यांचा 2019चा ‘अ शॉर्ट हाइक’ सगळ्यांत नेटका. मोबाइलला रेंज नाही म्हणून क्लेअर नावाचा पक्षी डोंगरमाथ्याकडे निघतो. एक सोनेरी पीस म्हणजे हवेत आणखी एक उडी आणि कड्यावर चढायला थोडा जास्त दम. माथ्यासाठी सातेक पिसे पुरतात. कमी पिसे घेऊन निघाल्यास कड्यावर अर्ध्यातच दम संपतो, त्यात वरच्या थंडीत पिसे गोठतात. मात्र घसरलात तरी इजा होत नाही. पंख पसरून तरंगत खाली यायचे. कोपऱ्यात नकाशा मुद्दाम ठेवलेला नाही, म्हणून नजर आपोआप पायवाटांकडे आणि पाट्यांकडे जाते. दोनेक तासांत माथा गाठता येतो, आणि त्यानंतरही बेटावर हवे तितके हिंडता येते.