एका थराच्या अर्धवाहकाला धातू जोडताना

कोल्हापुरात भौतिकशास्त्र शिकणाऱ्याला ‘थिन फिल्म’, म्हणजे पदार्थाचा अतिपातळ थर, काही नवी नाही. शिवाजी विद्यापीठात या विषयावर कित्येक दशकं काम चालत आलंय. पण फिल्म कितीही सुरेख जमली तरी वीज आत-बाहेर जाते ती धातूच्या कॉन्टॅक्टमधूनच. कॉन्टॅक्ट बिघडला की खापर मात्र मटेरियलवर फुटतं.

हा प्रश्न जुना आहे. धातू टेकवलेल्या गॅलेनासारख्या खनिजांतून वीज एका दिशेनेच सहज वाहते, हे फर्डिनांड ब्राउनने १८७४ मध्ये पाहिलं. जगदीशचंद्र बोसांनी गॅलेनाचा असा कॉन्टॅक्ट रेडिओ लहरी टिपायला वापरला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकी पेटंट मिळालं. पुढे शॉटकी आणि मॉट यांनी सांगितलं की जोडावर ऊर्जेचा अडथळा उभा राहतो आणि त्याची उंची धातूवर ठरते. प्रत्यक्षात धातू बदलला तरी उंची फारशी हलेना. १९४७ मध्ये बार्डीनने त्याचं कारण पृष्ठभागावरच्या ऊर्जापातळ्यांत दाखवलं.

२०११ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने मॉलिब्डेनम डायसल्फाइड या अर्धवाहकाच्या एकाच थराचा ट्रान्झिस्टर केला. जाडी ०.६५ नॅनोमीटर. बार्डीनच्या त्या पातळ्या अनेकदा पृष्ठभागावरच्या अणूंच्या मोकळ्या, न जुळलेल्या बंधांतून येतात. या थरावर ते नसतात, म्हणजे आता तरी शॉटकी-मॉट यांचा पुस्तकातला नियम चालेल असं वाटत होतं. चालला नाही. निर्वातात धातूची वाफ करून थर चढवतात तेव्हा तापलेले अणू आदळून गंधकाचे अणू हलवतात, नको तिथे बंध जुळतात. त्यात लिथोग्राफीतल्या, म्हणजे थरावर नक्षी उतरवतानाच्या, पॉलिमरचा उरलेला लेप. हुपरीचा कारागीर चांदीला झाळ देताना टाकणखार लावून जोड साफ करतो. इथे सगळा माल तीन अणूंच्या जाडीचा, घासायचं काय?

माझ्या मते खरं वळण २०१८ चं. लॉस एंजेलिसच्या गटाने धातूची पट्टी वेगळी तयार केली आणि थरावर अलगद ठेवली. थराला इजा नाही, आणि अडथळ्याची उंची खरोखरच धातूप्रमाणे बदलू लागली! २०२१ मध्ये बिस्मथ आलं. तो अर्धधातू, त्याच्याकडे जोडावरच्या नेमक्या त्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनसाठी जागा (अवस्था) कमी, त्यामुळे अर्धवाहकात नको त्या पातळ्या फारशा उमटत नाहीत. कॉन्टॅक्टचा रोध (रुंदीच्या हिशोबाने मोजलेला) १२३ ओम-मायक्रॉनवर आला, २०२३ मध्ये अँटिमनीने ४२ वर.

हे आकडे इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे आहेत. टंगस्टन डायसेलेनाइडसारख्या थरांत होल, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा ज्या धन प्रभारासारख्या वागतात, वाहवायचे तर कॉन्टॅक्ट अजून बरेच मागे आहेत, आणि लॉजिक चिपला दोन्ही लागतात.