क्रूझर मोटारसायकलची मागची बाजू खाली घेणे

मागचे शॉकअप आखूड करून किंवा त्यांची जागा सरकवून क्रूझर मोटारसायकलची मागची बाजू एक-दोन इंच खाली आणण्याचा फेरफार. सिग्नलला दोन्ही पाय नीट टेकावेत हे कारण सांगितले जाते. गाडी लांब आणि बसकी दिसावी ही हौस बहुधा त्याच्या आड असते. कारण या गाड्या मुळातच बुटक्या. बजाज ॲव्हेंजर २२० ची सीट जमिनीपासून ७३७ मिमी, रॉयल एन्फिल्ड मीटिऑर ३५० ची ७६५ मिमी.

दोन शॉकअपच्या गाडीला आखूड शॉकअप लावतात, किंवा खालच्या बोल्टपाशी जोडपट्टी बसवून शॉकअप तिरका करतात. एकाच शॉकअपच्या गाडीत शॉकअपला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणाऱ्या लिंकच्या पट्ट्या बदलतात. स्प्रिंगचे वेढे कापणे हा स्वस्तातला आणि सर्वांत वाईट मार्ग: उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते आणि चाक उचलले गेले की आपल्या जागेवर सैल पडते.

सीट मात्र अपेक्षेइतकी उतरत नाही. गाडी पुढच्या चाकाभोवती फिरते आणि चालक मागच्या चाकाच्या बराच पुढे बसतो. त्यामुळे मागे २५ मिमी उतरवले तर सीटखाली साधारण १७-१८ मिमीच पदरात पडतात. तेवढे सीटचा फोम तासूनही मिळतात. उलट पुढचा चिमटा (पुढचे चाक धरणारा फोर्क) मात्र मागे कलतो. मीटिऑरच्या १४०० मिमी चाकांतराला हा कल सुमारे एक अंशाने वाढतो. नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर सरळ जाताना ते जाणवणार नाही, पण ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुखच्या वळणांवर हँडल जड लागते आणि फूटपेग (पाय ठेवायचा दांडा) लवकर घासतो.

खरी अडचण गतिरोधकांची. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असतो. दोन्ही चाके एकाच वेळी त्यावर मावतात, त्यामुळे इंजिनाखाली त्याचा फुगवटा जेमतेम दीड सेंटिमीटर भरतो. उतरवलेली गाडीही सहज पार होते. पण सोसायटीच्या फाटकाशी किंवा गावठाणाच्या गल्लीत रहिवाशांनी हौसेने घातलेला हातभर रुंदीचा उंचवटा दोन चाकांच्या मध्ये अख्खा मावतो. तो १० सेंमी उंच असला तर मीटिऑरच्या १७० मिमी मोकळ्या जागेतले ७० मिमी उरतात, आणि गाडी खाली घेतलेली असेल, मागे डबल सीट बसलेली असेल, तर तेही जातात. ही गाडी कुठे फिरते ते खाली वाकून पाहिले की कळते: मधल्या स्टँडच्या पायावर आणि सायलेन्सरच्या पोटावर पांढरे ओरखडे असतात.

साईड स्टँडकडे सहसा दुर्लक्ष होते. गाडी उतरली आणि स्टँड तेवढाच राहिला, तर ती जवळजवळ उभीच राहते. पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरचा धक्का लागला की पलीकडे आडवी. स्टँड आखूड करावाच लागतो. चेनचा ताण आणि हेडलाइटचा झोतही नव्याने लावावा लागतो. झोत वर उठला की समोरच्याचे डोळे दिपतात. नवे शॉकअप घेताना त्यांची पूर्ण दाबलेली लांबी मूळ शॉकअपच्या दाबलेल्या लांबीशी ताडून पाहावी. ती कमी असेल तर मोठ्या खड्ड्यात टायर मडगार्डला भिडतो. एकटा चालक असेल तर शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) खालच्या खाचेवर आणल्यानेही गाडी किंचित बसते, आणि हा बदल पान्याने परत फिरवता येतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद कसोशीने लागू केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतून आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बेकायदा फेरफाराला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गाडीची पाटी ठाण्याची एमएच-०४ असो वा नवी मुंबईची एमएच-४३, गॅरेजवाल्याचे बिल त्यातून सोडवत नाही.