खटका लागला, पण बोल्ट बसला नव्हता

विमान अपघाताची बातमी आली की तासाभरात दोन निकाल ऐकू येतात: वैमानिक चुकला, किंवा देखभाल करणाऱ्याने हलगर्जीपणा केला. यातला दुसरा निकाल मला नेहमी अपुरा वाटतो. देखभालीतल्या ज्या चुका खरोखर अभ्यासण्याजोग्या आहेत, त्यांतल्या कित्येक अनुभवी आणि मन लावून काम करणाऱ्या माणसांच्या हातून घडल्या आहेत, आणि काम चालू असताना ‘बरोबर चालले आहे’ असा पुरावाही त्यांना मिळत होता. हा खोटा पुरावा कसा तयार होतो, ते पाहण्यासारखे आहे.

10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचे ‘बीएसी वन-इलेव्हन’ विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. सुमारे 17,300 फुटांवर कप्तानासमोरची काच चौकटीतून निखळून उडाली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले, आणि कप्तानासह सर्व 87 जण वाचले. ही काच उड्डाणाच्या 27 तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट जाडीला 0.026 इंचाने, म्हणजे सुमारे 0.66 मिलिमीटरने, कमी होते. उरलेल्या 6 बोल्टांची जाडी बरोबर होती, पण लांबी सुमारे अडीच मिलिमीटरने कमी होती.

त्या रात्री माणसे कमी होती, म्हणून पाळीच्या प्रमुखाने हे काम स्वतःकडे घेतले. काढलेला जुना बोल्ट त्याने नमुना म्हणून हाती धरला. तो नमुनाच मुळात आखूड होता. पण अशाच बोल्टांवर आधीची काच टिकलेली असल्यामुळे त्याच्यावर शंका घेण्याचे कारण दिसत नव्हते. स्टोअरमधल्या माणसाने योग्य माप सांगितले होते, तरी वजन पडले ते हातातल्या नमुन्याचे. तिथे पुरेसे बोल्ट मिळाले नाहीत, तेव्हा तो दुसऱ्या ठिकाणच्या, देखरेख नसलेल्या साठ्याकडे गेला, आणि मंद उजेडात, पुसट झालेल्या चिठ्ठ्या लावलेल्या खणांतून, नजरेने माप जुळवून त्याने बोल्ट निवडले.

बारीक बोल्ट जाड नटात घट्ट झालेच कसे, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. दोन्ही मापांच्या बोल्टांना एका इंचात 32 आटे होते. आट्यांमधले अंतर सारखे असल्यामुळे बारीक बोल्ट नटात वाकडा गेला नाही की अडला नाही. त्याच्या आट्यांच्या कडा नटाच्या आट्यांत जेमतेम गुंतल्या आणि तो शहाण्यासारखा फिरत आत गेला. आता हातातल्या हत्याराचा विचार करू. टॉर्क मर्यादित ठेवणाऱ्या स्क्रू ड्रायव्हरमध्ये स्प्रिंगवर दाबलेला क्लच असतो. पिळण्याचा जोर ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की क्लच घसरतो, हाताला खटका जाणवतो, आणि बोल्ट बसला असे समजायचे असते. परंतु हत्यार मोजते तो पिळण्याला होणारा विरोध. बोल्टमध्ये निर्माण झालेला ताण, ज्याच्या बळावर काच चौकटीला दाबून धरली जाते, तो त्याला कळतच नाही. नीट बसलेल्या बोल्टमध्येसुद्धा पिळण्याचा बहुतांश जोर डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो; ताण निर्माण करण्यासाठी साधारण दहावा हिस्साच उरतो. इथे तर जोर देताच बारीक बोल्टचे आटे नटाच्या आट्यांवरून घसरत होते, आणि त्या घसरण्याचा धक्का क्लचच्या खटक्यासारखाच लागत होता. बोल्ट निकामी होण्याची खूण आणि बोल्ट बसल्याची खूण हाताला एकच भासली. विमानाच्या नाकावरून वाकून हात लांबवावा लागत असल्याने बोल्टची डोकी खाचेत जरुरीपेक्षा खोल बसली आहेत, हेही नीट दिसले नाही.

ही काच बाहेरून बसवलेली होती. आतून टेकवलेली काच केबिनमधल्या हवेच्या दाबाने उलट अधिक घट्ट बसते. बाहेरून बसवलेल्या काचेचा सगळा भार बोल्टांवर येतो. 17,300 फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या थोडा वर असतो. जमिनीवर आत-बाहेर दाब सारखाच, त्यामुळे ते बोल्ट तपासले जातील असा भारच त्यांच्यावर आला नव्हता. दुसऱ्या माणसाकडून तपासणी किंवा केबिनमध्ये दाब भरून चाचणी, यांपैकी काहीही या कामासाठी बंधनकारक नव्हते.

अशीच फसवी खूण 5 मे 1983 रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअर लाइन्सच्या तीन इंजिनांच्या विमानात सापडते. तेलातला धातूचा चुरा टिपणारे डिटेक्टर तिन्ही इंजिनांवर, तेल गळू नये म्हणून लावायच्या रबरी ‘ओ-रिंग’शिवाय बसले. मेकॅनिकना ते एरवी रिंग लावूनच हाती येत. त्या रात्री ते स्टोअरमधून आले, रिंगशिवाय. गळती तपासण्यासाठी इंजिन काही सेकंद फिरवले गेले, आणि तेवढ्या वेळात तेल गळले नाही. उड्डाणात एकामागून एक तिन्ही इंजिने बंद पडली. एक पुन्हा सुरू करता आल्यामुळेच विमान मायामीला परतू शकले.

  

या घटनांतून निघालेले उपाय साधे आहेत. सर्व इंजिनांवरचे एकच काम एकाच माणसाने एकाच वेळी करू नये. सुट्या भागाचे माप जुन्या नमुन्यावरून न घेता भागांच्या यादीतल्या क्रमांकावरून घ्यावे. आणि पहाटेच्या त्या तासांत, जेव्हा शरीर झोप मागत असते, दुसऱ्या माणसाने विजेरीच्या उजेडात प्रत्येक बोल्टचे डोके खाचेत किती खोल बसले आहे ते पाहावे.